लेकीसाठी घर गार करताना

१२ मार्च
स्वातीचा फोन. सहावा चालू आहे, तब्येत बरी, पाय थोडे सुजतात. डोहाळे कसले म्हटलं तर म्हणे, "नाना, आंबट नको, गोड नको. बिबड्यांचा गरम घाटा खावासा वाटतो, वर कच्चं तेल टाकून." पुण्यात तिला ज्वारीच्या पापडांचा घाटा कोण शिजवून देणार. मी म्हटलं, अगं मग इकडे ये. आखाजीला ये आणि बाळाला सव्वा महिना झाला की मगच जा. पहिलं बाळंतपण माहेरी, ही काय सांगायची गोष्ट आहे?

ती मग हळूच, "धुळ्याचा उन्हाळा हो नाना. मे-जून त्या स्लॅबखाली कसे काढू? डॉक्टरपण नको म्हणतात."

बरं म्हटलं. नंतर मशीनवर बसलो आणि एका गिऱ्हाइकाच्या शर्टाला कॉलर उलटी लावून ठेवली. सगळी उसवली.

१३ मार्च
होळी. खालच्या चौकात पेटली. घरात आलो तर आत आणि बाहेर फरक नाही. पोर खोटं बोलत नाही. दुपारभर तापलेला स्लॅब दिवस मावळल्यावर आपला सगळा ताप खाली टाकतो. इतकी वर्षं याच्याखाली झोपलो, कधी डोक्यात आलं नाही. स्वातीची आई, सु., म्हणायची, अहो वर काहीतरी टाका. हो हो म्हणत राहिलो. ती जाऊन आता हा दुसरा उन्हाळा.

१४ मार्च
जावईबापूंचा फोन. "नाना, मी एसी पाठवून देतो, माणूस येऊन बसवून जाईल." मी म्हटलं, आमच्याकडे बाळंतपणाला लेक आणतात, जावयाकडून सामान नाही. जरा जास्तच बोललो. बिचारा हसला. पण जावयाच्या एसीत माहेरपण, हे मला जमणार नाही. शिवाय वायरिंग जुनं. इस्त्री आणि पंखा एकदम लावला तरी दिवा मिणमिणतो, तिथे एसी काय चालणार.

घर मीच गार करणार. शिंपी आहे, अंगाला होईल तसं बेतता येतं.

१६ मार्च
आज घराचं माप घेतलं. टेपनं नाही, हातानं. दुपारी तीनला प्रत्येक भिंतीला तळवा लावला. पूर्वेची बरी. मधल्या खोलीची पश्चिमेची भिंत, जिच्याकडे बाळंतिणीची खाट टाकावी लागेल, ती तर तव्यासारखी. बाजूचा प्लॉट रिकामा, ऊन सरळ येऊन आदळतं. स्लॅबला स्टुलावर चढून हात लावला आणि लगेच काढला.

एक आणखी. पुढच्या खोलीत माझी इस्त्री दिवसभर तापलेली. म्हणजे घर तापवणारा एक मीपण आहे. उद्यापासून इस्त्री पहाटेच उरकायची. दिवसा शिवायचं आणि नुसतं घडी करून ठेवायचं.

१९ मार्च
छोटं थर्मामीटर घेतलं, घड्याळासारखं, आकडे दिसतात. मधल्या खोलीत टांगलं. स्वा. ला फोटो पाठवला. तिचा उलट निरोप, "बापरे." बापरेच. पण आता इथून खाली यायचं आहे, एवढं तिलाही कळू दे.

२२ मार्च
स्लॅबला चुना मारला. गच्ची पांढरी केली की ऊन परतून जातं, असं सगळेच सांगतात आणि खर्च काहीच नाही. चुन्याच्या फक्कीचं पोतं, डिंक, मीठ, नारळाच्या शेंडीचा कुंचा. दोन दिवस चुना भिजवला होता. पण मारला भर दुपारी बारा वाजता, कारण सकाळी गिऱ्हाईक आलं होतं आणि मला धीर नव्हता.

संध्याकाळी वर गेलो तर बोट लावलं तिथे पावडर. सगळा सुटून आला. माझीच पांढरी पावलं जिन्यावरून घरभर, काळ्या पँटच्या कापडावरसुद्धा. शिंप्याच्या घरात खडूची रेघ चालते, म्हणून इतकी?

२३ मार्च
समोरच्या मंगलाबाई जिना बघून हसल्या. सु.ची जिवाभावाची मैत्रीण, त्यांना हसायचा हक्क आहे. म्हणाल्या, "नाना, तापलेल्या तव्यावर पाणी टाकल्यावर काय होतं? आधी स्लॅब भिजवून गार करायचा. सूर्य कलल्यावर पहिला हात, सकाळी दुसरा." मी म्हटलं, काल का नाही सांगितलं? म्हणे, काल तुम्ही विचारलंत कुठे.

झाडून सगळा काढला. पुन्हा भिजत घातला.

२६ मार्च
संध्याकाळी एक हात, पहाटे एक हात. या वेळी धरला. वर गेलं की डोळे दिपतात, टोपी पुढे ओढून बसावं लागतं. दुपारी पुन्हा स्टूल, पुन्हा तळवा. स्लॅबवर हात ठेवून उभं राहता आलं. खूप वेळ उभा राहिलो. स्वा. ला फोटो. अंगठा आला. नुसता अंगठा.

३० मार्च
पाडवा. गुढी उभारली, तिचं वस्त्र मात्र दरसाल सु. शिवून घ्यायची माझ्याकडून, यंदा मीच माझ्याकडून शिवून घेतलं.

अमळनेरहून अक्का आली. मोठी बहीण, तोंडानं फाटकी, हातानं सढळ. घरभर फिरली, गच्ची बघितली, म्हणाली, "भाऊ, हाई काय करी ऱ्हायना तू? पोर कवय येवाव शे?" पोर कधी येणार ते सोडून सांगितलं सगळं. म्हणाली, "बाळंतपण मी करसू. तू कसाले काळजी करस?" स्वातीला स्वतः फोन लावला आणि तेच ठणकावून सांगितलं. स्वा. म्हणाली, बघू अक्कात्या.

हल्ली माझी लेक सगळ्याला बघू म्हणते.

३ एप्रिल
जाताना अक्का भिंतीला आडोसा पाठवते म्हणाली होती, शब्द पाळला. तिच्या शेजाऱ्याच्या टेम्पोतून पऱ्हाट्या आल्या, कापूस वेचून झाल्यावर उरलेल्या वाळक्या काड्या. शेतात जाळतातच, म्हणून फुकट. दोन बांबू, सुतळी, आणि पश्चिमेच्या भिंतीला वीतभर अंतर सोडून कूड उभा केला. अंतर सोडायचंच, मधून वारा खेळतो. रस्त्यावरचे लोक विचारतात, नाना, घराला झोपडी करताय का? म्हटलं, हो, माझी लेक येणार आहे.

बोलून टाकलं. अजून ती हो म्हणाली नाही.

७ एप्रिल
जळगावला गेलो होतो, एका लग्नाच्या सूटचं माप घ्यायला. परत येताना भंगारवाल्याकडे ठिबकच्या जुन्या नळ्यांची वेटोळी दिसली. केळीच्या बागांतून काढलेल्या, यावल भागातल्या असाव्यात. डोक्यात एकदम चमकलं. एक वेटोळं काखेत मारून एसटीत बसलो. कंडक्टर म्हणाला, बाबा, बाग लावताय का.

रात्री नाही, उद्या करतो. डोळे चालत नाहीत.

८ एप्रिल
गोणपाटाचे पडदे शिवले, मधल्या खोलीच्या दोन्ही खिडक्यांना. वरच्या काठाला नेफा घातला, लेंग्याला घालतो तसा, आणि त्यात नाडीऐवजी ठिबकची नळी ओवली. बाहेर उंचावर बादली. पाणी थेंब थेंब गोणपाटात मुरतं, खाली पन्हाळीत जमतं, ते पुन्हा बादलीत. नळाला पाणी चार दिवसांनी येतं, वाया घालवून चालणार नाही. वारा आला की पडद्यातून असा गार झोत, की मी मशीन सोडून तिथे जाऊन बसलो. माझ्या आयुष्यात बरेच सूट शिवले, पण आजच्या या गोणपाटाचा अभिमान जास्त वाटतो.

सु. ला दाखवायचा होता.

११ एप्रिल
मधल्या खोलीचा जुना पंखा काढला. घरघर आणि गरम वारा. नवा लावला, बीएलडीसी म्हणतात, कमी वीज खातो आणि आवाज नाही. रिमोट आहे. बाळ झोपलेलं असताना उठावं लागणार नाही. दिवे आधीच बदललेत. फ्रिज भिंतीपासून पुढे ओढला, मागे कोळिष्टकं आणि स्वातीची शाळेतली कंपासपेटी. फ्रिजच्या दाराचं रबर सैल झालंय, कागद धरला तर सहज निघतो. नवं बसवायला सांगितलं.

स्वा. ला पंख्याचा व्हिडिओ. "छान आहे नाना." पुढे काही नाही.

१४ एप्रिल
कूलर. सेकंडहँड, पण पंप चांगला, जाळ्यांत नवं गवत भरलं. मधल्या खोलीत मधोमध ठेवला, दारं-खिडक्या घट्ट लावल्या आणि चालू केला. आमच्याकडे जन्मभर हेच, दहा वाजले की सगळं बंद, झळ आत येता कामा नये.

तासाभरानं खोलीत वाफच वाफ. अंग चिकट, श्वास जड. काडीपेटीतली काडी पेटेना. बाळासाठी शिवलेली झबली खुंटीवर होती, ती दमट होऊन कुबट वास मारायला लागली. थर्मामीटरचा आकडा खाली आणि जीव वर. मला रडूच यायचं बाकी होतं.

मंगलाबाईंना हाक मारली. या वेळीही आधी विचारलं नव्हतं, तरी आल्या. कूलर खिडकीत ठेवला, तोंड आत, पाठ बाहेर. समोरची खिडकी उघडली. "हवा आली तशी जायला नको का?" मी म्हटलं, भर दुपारी खिडकी उघडी ठेवायची? बापजन्मात ठेवली नाही. म्हणाल्या, "मग आता ठेवा." दहा मिनिटांत खोली हलकी झाली.

झबली पुन्हा धुऊन उन्हात टाकली.

१६ एप्रिल
बाहेर चव्वेचाळीस. मधल्या खोलीत तेहतीस. तीन वेळा बघितलं, डोळे पुसून. फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "आता काय म्हणणं आहे?"

दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही.

२० एप्रिल, पुणे
स्वातीचं डोहाळजेवण. मी आणि अक्का कालच आलो. हिरवी साडी, फुलांचे दागिने, माझ्या लेकीकडे बघवत नव्हतं इतकी छान दिसत होती. ओटी भरायला आईच्या जागी अक्का उभी राहिली. स्वा. नं अक्काकडे बघितलं आणि लगेच दुसरीकडे बघितलं.

दुपारी तिच्या खोलीत गेलो. एसी बंद. वर पंखा नुसता. म्हटलं, अगं एसी का नाही लावत? "अंग धरतं नाना, मी लावतच नाही." बरं.

मग विहीणबाई भेटल्या स्वयंपाकघराच्या दारात. मी तयारीनं गेलो होतो, म्हटलं, ताई, घर आता अगदी गार केलंय, तुम्ही काळजी करू नका, पाठवा तिला. बाई गोंधळल्या. "अहो, आम्ही कशाला अडवू? मी तर तिची बॅगसुद्धा काढून ठेवली होती. तीच नको म्हणते."

जेवणात काय होतं ते आठवत नाही.

२१ एप्रिल
परतीची गाडी. मी खिडकीबाहेर बघत बसलो. इतके दिवस मी कोणाशी भांडत होतो? उन्हाशी. आणि तिला ऊन लागतच नव्हतं. महिनाभर माकडासारखा गच्चीवर चढलो-उतरलो, फोटो पाठवले. मनात म्हणत असेल, म्हातारा वेडा झाला. राग आला. खूप आला. चाळीसगावपर्यंत तिच्याशी मनातल्या मनात भांडलो.

अक्का जागीच होती. म्हणाली, "भाऊ, माय नही त्या घरमा पोरनं मन कसं लागी?"

मी म्हटलं, मी आहे ना. आणि तिला पाण्याची बाटली दिली.

२४ एप्रिल
कामात लक्ष नाही. दोन ब्लाउजांची अस्तरं कापून ठेवलीत, तशीच पडलीत. दुपारी मधल्या खोलीत खाटेवर पडलो. गार आहे. खरंच गार आहे. स्वतःसाठी इतकं कधी केलं नव्हतं आणि आता एकटाच लोळतोय. सु. शेवटच्या उन्हाळ्यात याच खाटेवर होती, ओला टॉवेल कपाळावर घेऊन. तेव्हा हे सगळं सुचलं असतं तर. तेव्हा दवाखाना सोडून काही सुचत नव्हतं.

स्वा. नं फोन केला, मी दोनच वाक्यं बोललो. तिनंही लांबवला नाही.

३० एप्रिल
आज अक्षय्य तृतीया, आमची आखाजी. सु. च्या नावानं घागर भरली, वर खरबूज, आंबा, सांजोरी. सांजोऱ्या मंगलाबाईंनी दिल्या. कॉलनीत लिंबाला झोका बांधलाय. माहेरी आलेल्या पोरी गाणी म्हणत होत्या. मी दार लावून घेतलं नाही. ऐकत बसलो. कोणाची तरी लेक आत डोकावून म्हणाली, "नाना, स्वातीताई नाही आली?" म्हटलं, नाही, प्रवास झेपत नाही.

सातवा सरला. आठव्यात प्रवास करत नाहीत. म्हणजे आता यायचं राहिलंच.

४ मे
सकाळी मंगलाबाई आल्या. गल्लीतल्या बायका बिबड्या करायच्या म्हणतात, आणि सपाट गच्ची आमचीच. सु. असताना दरसाल इथेच व्हायच्या. मागच्या वर्षी कोणी विचारलं नाही, मीही बोललो नाही. म्हटलं, करा. पण चुना लागेल पापडांना. मंगलाबाई विचारात पडल्या. मी म्हटलं, थांबा, तो माझा प्रांत.

दिवसभर बसून अस्तराचे ताके जोडले. एकच मोठी चादर, अख्ख्या गच्चीला पुरेल अशी. कडेला दुमड, कोपऱ्यांना विटा बांधायला बंद. बरं वाटलं मशीनवर बसून.

६ मे
पहाटेपासून गच्चीवर मोठं पातेलं, बायका, बडबड. ज्वारीचा घाटा रटरटत होता, ओल्या हातानं थापायचा आणि पुढे सरकायचं. बायकांची तक्रार मात्र मजेशीर. "नाना, तुमच्या गच्चीला खालून चटकाच नाही हो. बिबड्या वाळायला एक दिवस जास्त लागणार." मी म्हटलं, त्यासाठीच तर मारलाय चुना. आज पहिल्यांदा कोणीतरी माझ्या कामाला पावती दिली, तीसुद्धा कुरकुरून.

मंगलाबाईंनी वाडगाभर घाटा दिला, वर तेल. वाडगा तसाच कठड्यावर ठेवला. फोन काढला, स्वा. ला व्हिडिओ लावला. म्हटलं, बघ तरी. पातेलं दाखवलं, बायकांनी हात हलवले, "कधी येतेस गं?" म्हणाल्या. ती हसत होती, डोळे भरलेले. म्हणाली, "नाना, खाली जा ना जरा. मला स्वयंपाकघर दाखवा."

खाली गेलो. दाखवलं. महिनाभरात मी तिला सगळं घर दाखवलं होतं, फक्त हेच दाखवलं नव्हतं. तिथे मी काही केलंही नव्हतं. पडदा नाही, पंखा नाही. चहापुरतं आत जातो, पोळी-भाजी बाहेरच्या डब्याची. सु. चे डबे ओळीनं तसेच.

स्वा. रडायला लागली. मग बोलली, तुटक तुटक. "उन्हाचं मी उगाच सांगितलं नाना. तुम्ही एवढं करत सुटाल असं वाटलं नव्हतं, मग सांगताच येईना. आईचे दिवस झाल्यावर मी निघाले, त्यानंतर त्या घरात एक रात्र झोपले नाहीये, तुमच्या लक्षात आलं का? इथे मला वाटतं आई तिकडे आहे. तिथे आले की रोज दिसणार, ती नाही."

जे तोंडात आलं ते बोललो. म्हटलं, "मलापण रोज दिसतं गं."

वरून बायकांचा आवाज येत होता. नंतर जावईबापूंनी फोन घेतला आणि हळूच ठेवला.

७ मे
राग गेला. काल कधी गेला ते कळलं नाही. तिची आठवण येते, लहानपणची नाही, कालची. फोनमधला चेहरा.

इतके दिवस मला वाटायचं, सु.ची वाट फक्त मीच बघतो.

११ मे
लाईट गेली, दुपारभर आली नाही. कूलर बंद, पंखा बंद. तरी मधली खोली सहन होत होती, गोणपाट आणि कूड यांच्या जिवावर. मंगलाबाई आपलं निवडण घेऊन इथेच येऊन बसल्या, आणखी दोघी आल्या. बोलता बोलता सु. चा विषय निघाला. ती रागावली की कशी मशीनच्या चाकाची वादी, तो चामडी पट्टा, काढून ठेवायची, मंगलाबाईंनी सांगितलं. मला माहीतच नव्हतं की ती यांना सांगायची. हसलो. घरात हसण्याचा आवाज झाला आणि मीच दचकलो.

स्वा. ला फोनवर सांगितलं. तीपण हसली. "आई वादी डाळीच्या डब्यात ठेवायची नाना, तुम्हाला कधी सापडलीच नाही."

१९ मे
आता रोज फोन. कधी तीच करते. उन्हाचा विषय मी काढत नाही, ये असंही म्हणत नाही. काल विचारलं, डोकं दुखलं की आई काय लावायची? सुंठ उगाळून, एवढं मला माहीत होतं. किती, कशात, ते नाही. दोघांनी आठवून आठवून जुळवलं.

२५ मे
स्वयंपाकघराच्या खिडकीला जाळी लावली आणि एक छोटा पंखा बाहेर हवा फेकणारा. शेगडीचा ताप बाहेर जातो. डबे हलवले नाहीत. नुसते पुसले. एकात जिरं होतं, वास उडालेला. ते तसंच ठेवलं. टाकवेना.

आज तिथेच उभं राहून खिचडी केली. खाल्ली.

३१ मे
स्वातीचा फोन. नववा लागायच्या बेतात. डॉक्टरांना विचारलं, गाडीनं हळूहळू गेलं तर हरकत नाही म्हणाले. पुढे म्हणाली, "नाना, मी येऊन बघते. शनिवारी. एक रात्र राहून बघते. जमलं तर राहीन. नाही जमलं तर रविवारी परत. तुम्ही वाईट वाटून घेणार नाही ना?"

म्हटलं, नाही घेणार.

"नक्की?"

म्हटलं, वाटलं तर वाटेल. तू ये.

४ जून
अक्काला फोन केला. म्हणाली, "मी येस, पण पोरले सांगू नको. गरज लागनी ते हाक मार." शहाणी आहे.

खाट भिंतीपासून हलवून कूलरच्या झोताच्या बाजूला घेतली, थेट अंगावर येणार नाही अशी. चादर, उशीचे अभ्रे नवे शिवले. आभाळ दाटून येतंय, वारा पडलाय, दमटपणा वाढलाय. आता या दिवसांत कूलर फारसा काम करणार नाही, पंखा आणि उघड्या खिडक्याच बऱ्या. पडद्यांचं पाणी बंद केलं.

६ जून
उद्या दुपारपर्यंत पोचतील. सकाळपासून मी चार वेळा घरातून फिरलो. तिनं दारात चप्पल काढली की समोर काय दिसेल? मशीन. मग मधली खोली. मग स्वयंपाकघराचं ते दार. सु. चा फोटो मधल्या खोलीत आहे, तो तिथेच राहू द्यावा की आत ठेवावा? हार घालावा की नाही? डबे असेच राहू द्यावेत की मंगलाबाईंना सांगून कपाटात ठेवून घ्यावेत? दिसले तरी रडेल, नाही दिसले तरी रडेल. तिला कोणत्या खोलीत झोपायला आवडेल, मी जवळ झोपू की पुढच्या खोलीत? ती रडली तर बोलायचं की गप्प बसायचं?

चुना कसा मारायचा ते मंगलाबाईंना विचारलं. कूलर कुठे ठेवायचा तेही विचारलं. विचारायला लाज वाटली नाही आणि त्यांनी बरोबर सांगितलं. हे मात्र धुळ्यात कोणालाच सांगता यायचं नाही. हे सु. ला माहीत असतं. तिला विचारायला मी आज दोनदा स्वयंपाकघरात गेलो.